‘एळ तंगी, निधानक एळ’

आमच्या घरात एक वाक्य फार वर्षं वावरत होतं. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाचं हाड मोडलं, कुणी बाळंत झालं, की आई ते वाक्य म्हणायची. “उठू देऊ नका. आमचे हे उठले म्हणून गेले.”

१९८४ सालची गोष्ट. माझ्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी १४ वर्षांची होते. ऑपरेशन चांगलं झालं, टाके सुकत आले, घरी न्यायचा दिवसही ठरला. दहाव्या दिवशी सकाळी बाबा पलंगावरून उतरले, बाथरूमच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच कोसळले. पायात झालेली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्हाला गाठीचं काही कळलं नाही. इतकंच कळलं की झोपून होते तोवर बरे होते आणि उठले तशी जागच्या जागी गेले.

त्या दिवसापासून आमच्या घराण्यात आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला हलू न देणं. पाणी हातात, जेवण तोंडात, बेडपॅन अंथरुणात. धाकट्या भावाचं अपेंडिक्स काढलं तेव्हा आईने त्याला आठ दिवस कुशीवर वळायलाही परवानगी मागायला लावली होती. तो तरुण होता, निभावून गेला. आम्हाला वाटलं, आईच्या काळजीने बरा झाला.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे इंदूरची मावशी.

इंदूरचा फोन

माझं आजोळ बेळगावजवळचं. तिथे आजीशी कन्नडमध्ये बोलायचं आणि आजोबांशी मराठीत. दोन भाषा बोलतोय हे आम्हा मुलांना शाळेत गेल्यावर कळलं! आई थोरली, मावशी धाकटी. १९६६ साली मावशी लग्न होऊन इंदूरला गेली. होळकरांच्या काळापासून तिथे वसलेल्या मराठी घरांपैकी एक घर. घरात मराठी, बाजारात हिंदी. मावशीचं कन्नड मात्र बेळगावातच राहिलं. वर्ष-दोन वर्षांनी माहेरी आली की दोघी बहिणी स्वयंपाकघरात ते बोलून घ्यायच्या, एवढंच.

२०१७ साली, दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल, मावशी ओल्या फरशीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं, आत सळई आणि स्क्रू बसवले. पाचव्या दिवशी घरी आली. दादा, म्हणजे मावशीचा मुलगा, फोनवर म्हणाला, “सगळं मस्त झालं. आता फक्त आराम.”

त्यानंतर आठवडाभराने वहिनीचा फोन आला. “ताई, आईंचं काही खरं नाही. भ्रमिष्टासारखं करतात. रात्रभर काहीतरी बडबडतात, आम्हाला कळत नाही. तुम्ही याल का?”

बेळगावहून पुणे आणि पुण्याहून इंदूर असा प्रवास करून मी पोचले तो ऑपरेशनचा बारावा दिवस होता.

घर शांत होतं. मागची खोली मावशीला दिली होती. उजेडाचा त्रास नको म्हणून पडदे ओढलेले. चष्मा ‘आता कशाला लागतोय’ म्हणून कपाटात. मावशी उताणी, छातीपर्यंत पांघरूण. खोलीत डेटॉलचा वास होता आणि त्याखाली आणखी एक वास होता, तो मला ओळखता आला नाही.

मी जवळ बसले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अक्का बंदाळेन?”

तिला मी आईच वाटले असेन. मग एकदम रडवेली होऊन म्हणाली, “बेन्न उरितैती. बेन्न उरितैती.”

वहिनी दारात उभी होती. “हेच. हेच चार दिवस म्हणून राहिल्या आहेत. आणि मधूनमधून बेड, बेड करतात. आम्ही म्हणतो, अहो बेडवरच आहात तुम्ही. मग आम्ही त्यांना पुन्हा नीट झोपवतो.”

तुम्हाला कन्नड येतं, त्यामुळे पुढचं सांगायला नको. ती ‘बेड’ म्हणत नव्हती. ती ‘ब्याड’ म्हणत होती. नको, नको म्हणत होती. आणि तिची पाठ जळत होती.

आम्ही तिला कुशीवर वळवलं. माकडहाडावर हाताच्या तळव्याएवढी जागा लालकाळी झाली होती आणि मधोमध कातडी गेलेली होती. तो वास कशाचा होता ते तेव्हा कळलं. वहिनी मटकन खाली बसली. गेले १२ दिवस त्या बाईने रात्रीची झोप घेतली नव्हती. मावशीचं अंग रोज पुसत होती, पण ‘ऑपरेशनचा पाय हलेल’ या भीतीने पुढूनच पुसत होती. कुणीही कामचुकारपणा केला नव्हता. सेवा मनापासून चालली होती, आणि त्या सेवेतच जखम झाली होती.

कुमारजी पाच वर्षं पडून होते!

शेजारच्यांच्या ओळखीने दुसऱ्या दिवशी एक फिजिओथेरपिस्ट घरी आली. लहानखुरी, पंचविशीतली, हिंदी बोलणारी. आल्याबरोबर तिने दवाखान्यातून मिळालेला डिस्चार्जचा कागद मागितला. तो औषधांच्या पिशवीत तळाशी होता. गोळ्यांची नावं दुकानदाराने वाचली होती, बाकीचं इंग्रजी कुणी वाचलंच नव्हतं. तिने ते मोठ्याने हिंदीत सांगितलं. वॉकर घेऊन रोज चालवणे. सोसेल तेवढं वजन पायावर देणे. रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन पोटावर, ३० दिवस.

चालवणं तर दूरच, मावशीला घरी आल्यापासून बसवलंही नव्हतं. इंजेक्शनं दोन दिवस दिली होती. पोटावर निळे डाग पडले म्हणून दादाने आपल्या मनाने बंद केली.

काका इतका वेळ गप्प होते. पण ‘उद्यापासून उभं करायचं’ हे ऐकल्यावर ते बोलले. काका गाण्यातले. इंदूर-देवासच्या कुमार गंधर्वांच्या बैठका त्यांनी ऐकलेल्या. कुमारजींचं गाव सुळेभावी, म्हणजे आमच्या बेळगाव जिल्ह्यातलं, आणि घरची भाषा कन्नड. त्यामुळे मावशीला ‘तुमच्या गावाकडचा माणूस’ म्हणून चिडवायचा त्यांचा जुना रिवाज. ते म्हणाले, “कुमारजी पाच वर्षं पडून होते. देवासला. बोलायचीसुद्धा मनाई होती. म्हणून तर उठून गाऊ शकले. आणि तुम्ही हिला १२ दिवसांत उठवताय?”

घराघरांत असं एखादं उदाहरण असतंच. आणि काकांचं उदाहरण खोटं नव्हतं. कुमार गंधर्वांना क्षय झाला आणि कोरडी हवा म्हणून १९४८च्या जानेवारीत ते मुंबई सोडून माळव्यात, इंदूरपासून तासाभरावरच्या देवासला आले. वय अवघं २३. जवळजवळ पाच वर्षं अंथरुणात गेली. पत्नी भानुमती यांनी त्यांची शुश्रूषा केली. खिडकीतून ऐकू येणारी माळव्याची लोकगीतं त्यांनी त्या अंथरुणातच मनात साठवली, हे आपण सगळे जाणतो.

पण त्या काळी क्षयावर दुसरं होतं काय? औषध नव्हतं, म्हणून विश्रांती हेच औषध होतं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३चा, आपल्याकडे ते सामान्य माणसाच्या हाती यायला आणखी काही वर्षं गेली. कुमारजींना उठवलं ते त्या औषधाने. आणि गंमत पाहा, ‘पडून राहिल्यानेच क्षय बरा होतो’ ही समजूत मोडली तीही आपल्याच देशात. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने औषधं देऊन रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनिटोरियममध्ये, पूर्ण विश्रांती आणि उत्तम आहार. दुसरा आपल्या साध्या घरात, औषधं घेत, हिंडतफिरत. १९५९ साली निष्कर्ष आला. दोन्ही गट सारखेच बरे झाले होते. त्यानंतर जगभर क्षयाची सॅनिटोरियमं हळूहळू ओस पडली.

हे सगळं मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं, नंतर वाचलं. त्या मुलीने काकांना एवढंच विचारलं, “अंकलजी, कुमारजी त्या वेळी २३ वर्षांचे होते ना? अम्माजी ७३च्या आहेत.”

पडून राहिलं की आत काय होतं

तिने आम्हाला जे समजावलं आणि पुढच्या तीन महिन्यांत मी जे विचारून-वाचून शिकले, ते इथे एकत्र सांगते.

माणूस उताणा पडला की पाठीची बारीकशी जागा हाड आणि गादी यांच्यात चेपते. तिथलं रक्त थांबतं. धडधाकट माणूस झोपेतही वळतो, म्हणून आपल्याला काही होत नाही. जो वळू शकत नाही त्याच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर काही तासांतच कातडी मरायला लागते. ओल्या चादरीने आणि डायपरने ते आणखी लवकर होतं. रुग्णाला उशीकडे सरकवताना आपण काखेत हात घालून ओढतो ना, तेव्हाही पाठीची कातडी घासून निघते. चादरीसकट दोघांनी उचलून सरकवावं.

फुप्फुसांचं तसंच. उताणं पडून श्वास वरवर घेतला जातो, खालचा भाग उघडत नाही, कफ तिथे साचतो आणि न्यूमोनिया होतो. लघवीची नळी गरजेपेक्षा जास्त दिवस राहिली तर जंतुसंसर्ग. आतडी सुस्तावतात, त्यात वेदनाशामक औषधांची भर, म्हणून बद्धकोष्ठ.

स्नायूंचं तर विचारूच नका. अमेरिकेत डॅलस इथे १९६६ साली पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून तपासलं होतं. त्याच पाच जणांना ३० वर्षांनी पुन्हा तपासलं. तेव्हा दिसलं की त्या तीन आठवड्यांनी त्यांचा दम जितका घटवला होता, तितका पुढच्या ३० वर्षांच्या वाढत्या वयानेही घटवला नव्हता. विशीतल्या मुलांची ही गत, तर सत्तरीतल्या बाईचं काय?

आणि पायातली रक्ताची गाठ. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, रक्त वर जातं. पाय स्थिर पडला की रक्त साचतं. त्यात ऑपरेशननंतर रक्त एरवीपेक्षा लवकर गोठायच्या बेतात असतं. अशा वेळी गाठ धरते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस मिनिटांत जाऊ शकतो.

हे ऐकताना मी उठून बाहेर अंगणात गेले. गाठ पडून राहिल्याने होते. उठल्याने नव्हे. उठल्यावर ती फक्त सुटते. आमच्या घराने ३३ वर्षं सांगितलेली गोष्ट शेवटाकडून वाचलेली होती.

डॉक्टरांना हे काल-परवा कळलं असंही नाही. शिकागोमध्ये एमिल रीस नावाच्या सर्जनने १८९९ सालीच आपल्या रुग्णांना लवकर उठवायला सुरुवात केली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही पद्धत रुजली. १९४७ साली रिचर्ड अॅशर या इंग्रज डॉक्टरने तर अंथरुणात पडण्याचे धोके या विषयावर एक खुसखुशीत लेख लिहिला, तो आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना वाचायला सांगतात. म्हणजे डॉक्टरांचं मत बदलून कित्येक दशकं झाली. ते आपल्या माजघरापर्यंत पोचलं नाही, इतकंच.

पोटरी मोजली

त्या मुलीने जाता जाता शिंप्याची टेप काढली आणि मावशीच्या दोन्ही पोटऱ्या मोजल्या. ऑपरेशनचा पाय चांगलाच जाड भरला. दाबल्यावर मावशी कळवळली. शेजारच्या काकू मोहरीचं तेल कोमट करून आणणार होत्या, ‘चोळून देते, सूज उतरेल’ म्हणून. ती मुलगी जवळजवळ ओरडलीच, “मालिश बिलकुल नहीं!” गाठ असेल तर चोळल्याने सुटायची भीती असते.

संध्याकाळी डॉप्लर तपासणी झाली. गाठ होती.

ऑपरेशन केलेल्या सर्जननी रिपोर्ट पाहून इंजेक्शनं सुरू केली, पुढे गोळ्या. आणि म्हणाले, “उद्यापासून उभं करा.” मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, “गाठ असताना?” ते म्हणाले, “औषध सुरू झालं आहे, ऑक्सिजन चांगला आहे. आता पडून ठेवलंत तर दुसरी गाठ होईल, न्यूमोनिया होईल. चालण्याने तिचा धोका वाढत नाही.” आजच्या वैद्यकाचं मत असंच आहे, हे मी नंतर पडताळून पाहिलं. पण त्या रात्री ते फक्त एका अनोळखी माणसाचं म्हणणं होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर बाथरूमचं दार होतं.

दादा म्हणाला, “तू ठरव. माझी हिंमत नाही.” काका काहीच बोलले नाहीत.

रात्री ११ वाजता मी बेळगावला आईला फोन केला. खरं तर परवानगी मागायला नव्हे. मनातून मला वाटत होतं की ती ‘नको’ म्हणेल आणि माझी सुटका होईल.

तिने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुझ्या बाबांना तिसऱ्या दिवशी उठवा म्हणून डॉक्टर सांगून गेले होते. नर्सबाई दोनदा आली उठवायला. मीच परतवलं तिला. टाके उसवतील म्हटलं. सासूबाई पण नकोच म्हणाल्या.”

मी काय बोलणार?

“हे मी कुणाला सांगितलं नाही,” आई म्हणाली. “ते उठले म्हणून गेले, असंच मी म्हणत राहिले. म्हणता म्हणता मलाही तसंच वाटायला लागलं.”

मी तिला म्हटलं की तिसऱ्या दिवशी उठवूनही गाठ होऊ शकते, चालत्या माणसालाही होते, निश्चित कुणीच सांगू शकत नाही. हे खरंही आहे. पण ती ऐकत होती असं वाटलं नाही. शेवटी म्हणाली, “हिला उठव. आणि उठवताना मला फोन लाव.”

एळ तंगी

सकाळी आधी पडदे उघडले. मावशीला चष्मा लावला. समोर भिंतीवर कॅलेंडर आणि मोठं घड्याळ टांगलं. म्हातारं माणूस ऑपरेशननंतर असंबद्ध बोलतं ते वेड नसतं. वेदना, ताप, औषधं, पोटात पाणी कमी, अंधारी खोली आणि अनोळखी भाषा, या सगळ्याने मेंदू गोंधळतो. दिवस-रात्र कळू दिली, ओळखीचा आवाज कानावर पडला, तर पुष्कळदा तो वाटेवर येतो.

आधी अर्धा तास पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं, चक्कर येते का पाहिलं. मग वॉकर पुढे ठेवला. एका बाजूला ती मुलगी, एका बाजूला मी. वहिनी मागे खुर्ची धरून. मुलगी म्हणाली, “अम्माजी, उठो.” मावशीने वॉकर घट्ट धरला आणि मान हलवली. “ब्याड.”

मी फोनचा स्पीकर लावला.

“तंगी,” आईचा आवाज आला. “एळ तंगी. निधानक एळ. ना इद्दीनि.”

ऊठ, सावकाश ऊठ, मी आहे. हे एकमेकींना म्हणायच्या दोघी, लहानपणी शेतातल्या विहिरीच्या पायऱ्या चढताना.

मावशीने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठली. सात-आठ सेकंद उभी राहिली असेल. पाय लटपटत होते. मला बाबांचं कोसळणं आठवत होतं आणि मी तिच्या ओठांचा रंग बघत होते. मग ती खुर्चीत बसली आणि स्वच्छ मराठीत वहिनीला म्हणाली, “चहा कर बाई.”

वहिनी हसत हसत रडायला लागली. फोनवर आई विचारत होती, “उठली काय? बोला की कुणीतरी!”

दुसऱ्या दिवशी तीन पावलं. आठवड्याने दारापर्यंत. जखमेचं ड्रेसिंग करायला नर्स यायची. हवेची गादी आणली. भिंतीवर कागद लावून दर दोन तासांनी कूस बदलल्याची खूण करायचो, डावी, उजवी, थोडी तिरकी, गुडघ्यांमध्ये उशी, पोटरीखाली उशी म्हणजे टाचा अधांतरी. लाल झालेली कातडी चोळायची नाही, स्पिरिट-पावडरचं जुनं शास्त्र विसरायचं, मधे भोक असलेली रबरी रिंगही वापरायची नाही. तिच्या कडा दाबून रक्त आणखी अडतं. तीन गोळ्यांचं श्वासाचं खेळणं असतं, ते जागेपणी तासातासाला दहा वेळा. पायाचे पंजे वर-खाली, हा व्यायाम तर पडल्या पडल्याही.

खाण्यातही बदल केला. मावशीला १२ दिवस पेज आणि मऊ भात चालला होता. जखम भरायला आणि स्नायूंना प्रथिनं लागतात. मग वरण घट्ट झालं, दूध, दही, पनीर आलं, आणि काकांनी आयुष्यात पहिल्यांदा अंडं उकडलं. डॉक्टरांची हरकत नाही म्हटल्यावर एका रविवारी पोहे-जिलेबीही आली. इंदूरचं घर ते, जिरावन भुरभुरल्याशिवाय बरं वाटणार तरी कसं?

जखम भरायला अडीच महिने लागले. लावलेल्या आगीपेक्षा विझवायला वेळ जास्त.

घरी आणताना

हे वाचणाऱ्या घरांमध्ये उद्या-परवा कुणाचं तरी ऑपरेशन असेल. त्यांच्यासाठी चार गोष्टी.

दवाखाना सोडताना सर्जनना विचाराच, आज किती वेळ बसवायचं, कधी उभं करायचं, ऑपरेशनच्या पायावर किती वजन द्यायचं, आणि कोणती हालचाल अजिबात करायची नाही. मणक्याच्या किंवा काही हाडांच्या ऑपरेशननंतर खरोखरच बंधनं असतात. ती आपण ठरवायची नसतात, विचारायची असतात. डिस्चार्जचा कागद कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या, आपल्या भाषेत. रक्त पातळ करण्याचं औषध आपल्या मनाने बंद करू नका. शंका आली तर फोन करा.

रोज अंग पुसताना पाठ आणि टाचा उजेडात बघा. एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, ताप चढला, माणूस एकाएकी गोंधळला, तर सकाळची वाट बघू नका. अचानक धाप म्हणजे तर सरळ दवाखाना.

आणि आपल्या दुभाषी घरांसाठी एक जास्तीचं. आपली म्हातारी माणसं दुखण्यात आईच्या भाषेत जातात. सुना-नातवंडं दुसऱ्या मुलखात वाढलेली असतात. तेव्हा पाणी, दुखतंय, नको, लघवी, एवढे चार शब्द तरी आजीच्या भाषेतले कागदावर लिहून पलंगापाशी लावा, दवाखान्यातल्या नर्ससाठीसुद्धा. आम्ही लावला होता. वहिनी आजही नको म्हणायचं झालं की ‘ब्याड’ म्हणते.

मे २०१८

पुढच्या मे महिन्यात मावशी काठी घेऊन बेळगावला आली. आई दारात उभी. दोघी काही वेळ एकमेकींचे हात धरून राहिल्या. ओसरीवर बाबांचा फोटो आहे, मावशी त्याच्यासमोर थांबली, नमस्कार केला. आईने खुर्ची पुढे ओढली.

“कुंडर तंगी. एवढा प्रवास करून आलीस.”

“बसते गं अक्का,” मावशी म्हणाली. “आधी घर बघून येते.”

आणि ती काठी टेकत आत निघाली. आई तिच्या मागून गेली. कोपराखाली हात धरला होता, पण अडवलं नाही.